चादरीत गुंडाळलेली तसबीर

११ फेब्रुवारी २००७, रविवार

आले बाई एकदाची बदलापुरात! कुळगावला, तिसरा मजला. लिफ्टचा खड्डा आहे, लिफ्ट नाही. बिल्डर म्हणतो येईल. येईल तेव्हा माझे गुडघे राहतील का, ते त्यालाच ठाऊक. पण संडास घरात! बटण दाबलं की पाणी! मी उगाच तीनदा दाबलं. यशोधरा — आमची सून — ओरडली, "आई, टाकी रिकामी होईल!"

अंबरनाथच्या चाळीतून टेम्पो निघाला तेव्हा मी रडले नाही. नळावरच्या बायाच रडल्या. कौसाबाई तर डोळे पुसता पुसता विचारते, "तुझी पाण्याची टिपं नेणार का ठेवणार?" ठेवली ती पत्र्याची पिंपं तिलाच.

आपल्यात नव्या घरात पहिली तसबीर जाते. बुद्ध आणि बाबासाहेब, एकाच काचेत. मग भांडीकुंडी. आमची तसबीर खिडकीएवढी आहे, हे होते तेव्हा, त्यांनी रिटायर झाल्यावर मढवून घेतलेली. मी छातीशी धरून टेम्पोतून खाली उतरले तर महेंद्र म्हणाला, "आई, चादर गुंडाळ तिला." म्हटलं पोराला काचेची काळजी! तशीच गुंडाळून तीन जिने चढले. मागून पलंग, मिक्सर, सगळं.

वर आल्यावर कळलं काचेची काळजी नव्हती. तसबीर हॉलात नाही, आतल्या खोलीत कपाटाच्या बाजूला. "थोडे दिवस, आई. बिल्डिंग नवीन आहे. आणि जिन्यात कुणाला जयभीम घालू नकोस. नमस्कार म्हण."

मी चादरीची घडी घातली. पहिल्या दिवशी भांडण नको.

ही डायरी प्रीतीनं दिली, माझ्या नातीनं. सहावीत आहे. डायरी बापाच्या केमिकल कंपनीतून आलेली. म्हणाली, "आजी, लिहीत जा, नाहीतर प्रौढ वर्गात शिकलेलं विसरशील." बरं तर बरं.

१३ फेब्रुवारी

लाइट गेली. इथं पण जाते! मला वाटलं फ्लॅटवाल्यांची जात नसेल.

१६ फेब्रुवारी

समोरच्या दारातल्या बाई आल्या. कुमुदिनीताई. मिस्टर हेमचंद्रराव, मोठ्या कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर. बाई गोऱ्या, हसऱ्या, बोलायला माझ्यासारख्याच! आमच्या टीव्हीचा आवाज ऐकून आल्या. "अय्या, तुम्ही पण गाण्यांची स्पर्धा बघता? आमच्याकडे ह्यांच्या बातम्या संपतील तर शपथ!" मग बसल्या की दोघी. ती दोन वेण्यांची पोरगी आहे ना स्पर्धेत, अगदी एवढीशी, तिनं आज लावणी म्हटली — काय तो आवाज! कुमुदिनीताईंनी माझ्या मांडीवर थाप मारली. मी त्यांच्या.

आडनाव विचारलं. सांगितलं, सोनवणे. "अच्छा, सोनवणे," म्हणाल्या. हे आडनाव सगळ्यांच्यात चालतं, म्हणून महेंद्रनं दारावर मोठ्ठं लावलंय.

चहा ठेवला तर नको. महाशिवरात्रीचा उपास.

२२ फेब्रुवारी

चहा नको. गुरुवार.

२६ फेब्रुवारी

चहा नको. ॲसिडिटी. बाईंचं पोट आहे की पंचांग! मी म्हटलं तसं तर किती हसल्या.

गाजरहलवा दिला डब्यात भरून. घेतला हो दोन्ही हातांनी.

२८ फेब्रुवारी

डबा परत आला. लख्ख घासलेला, आणि आत चमचाभर साखर! चांगल्या घरचे लोक डबा रिकामा पाठवत नाहीत. यशोधरेला दाखवला. म्हटलं बघ.

७ मार्च

प्रीतीनं मोबाईलवरून मत द्यायला शिकवलं. एक आकडा दाबायचा, मग पोरीचा नंबर, मग पाठवायचं. दोन वेण्यांच्या पोरीला मी तीन मतं दिली! महेंद्र चिडला, "आई, प्रत्येक एसएमएसचे पैसे पडतात!" म्हटलं निवडणुकीत एकच मत देते तर काय उजेड पडला? नगरपालिकेला मत देऊन गटार झाकलं नाही अजून. इथं निदान पोरगी पुढं जाते.

१८ मार्च

काल वर्ल्ड कपात आपले बांगलादेशाशी हरले! बांगलादेशाशी! महेंद्र जेवला नाही. समोर हेमचंद्ररावांनी टीव्ही बंद करून दार लावून घेतलं, म्हणून कुमुदिनीताई मोकळ्या. आमच्याकडे येऊन बसल्या. आम्हाला काय, आमची वेण्यांची पोरगी जिंकतेय. मी म्हटलं, जाहिराती करून करून दमतात हो, मग बॅट कुठून उचलेल. "अगदी बोललात!" म्हणाल्या.

लाइट गेल्यावर आम्ही दोघी जिन्यात बसतो वाऱ्याला. त्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे, पंखा फिरतो आत, आवाज येतो. एकदा म्हटलं, चला तुमच्याकडेच बसू. "अहो, पसारा आहे आमच्याकडे," म्हणाल्या. बाईचं घर आणि पसारा! असेल.

२४ मार्च

लंकेशीपण हरले. आलेच आता घरी. बरं झालं. पोरं अभ्यासाला बसतील.

३ एप्रिल

आज महेंद्रशी वाजलं.

चौदा एप्रिल जवळ आली. मी पांढरी साडी काढून निळीत घातली. गॅलरीत वाळत टाकली तर आतून धावत आला. "आई, आत टाक!" का रे बाबा, आत ऊन येतं का? तर म्हणाला, "जयंतीला जा तू, मी नाही म्हणतो का? साडी पिशवीत घे. अंबरनाथला विहारात जाऊन बदल."

विहारात जाऊन बदल! मी चोरीचा माल नेतेय का?

म्हणाला, "तुला कळत नाही. नोव्हेंबरात आपल्या लोकांच्या आंदोलनात उल्हासनगरला रेल्वेगाडी जळाली, तेव्हापासून कंपनीत लोक माझ्यासमोर बोलायचे थांबतात. मला इथं तरी शांत राहू दे."

मला कळत नाही? खैरलांजीचं ऐकलं तेव्हा दोन दिवस माझ्या घशाखाली भाकरी उतरली नाही. टीव्हीवाल्यांना किती दिवसांनी सुचलं दाखवायला! एका घरातली माणसं मारली आणि बातम्यांत कुणाच्या लग्नाचे मेनू. आणि गाडी जळाल्यावर सगळे धावले. डब्याला आग लागल्याची काळजी. मी म्हणत नाही जाळा. पण काळजी कशाची वाटते बघा.

छप्पन साली माझ्या बापानं देव्हारा सगळाच्या सगळा दारणा नदीत सोडला. मी काठावर उभी होते, फ्रॉकसुद्धा धड नव्हता. आजी माझी रडत होती, देव बुडले म्हणून. बाप म्हणाला, "रडू नको माये, आता मान वर करून चालायचं." आणि त्याचा नातू मला साडी पिशवीत घे म्हणतो.

यशोधरा स्वयंपाकघरात भाजी चिरत राहिली. तीच मेथी परत परत चिरली.

४ एप्रिल

बोलत नाही मी त्याच्याशी. डबा भरून दिला, तोंडानं बोलले नाही.

८ एप्रिल

कुमुदिनीताईंना थालीपिठं दिली. घेताना म्हणाल्या, "तुमच्या हाताला चव आहे हो भागीरथीताई!"

बघ. महेंद्र उगाच घाबरतो. माणसं चांगली आहेत.

१२ एप्रिल

मी ठरवलं. पांढरी साडी घरातूनच नेसणार, पदर डोक्यावर, सगळे जिने उतरणार. महेंद्रनं काय करायचं ते करावं.

प्रीती म्हणते, "आजी, मी पण पांढरा ड्रेस."

१५ एप्रिल

काल लिहायला वेळच नाही! सगळं लिहिते.

सकाळी साडी नेसून दार उघडलं. मागे प्रीती, पांढरी बगळ्यासारखी. आणि नेमक्या समोरच्या दारात कुमुदिनीताई, दुधाची पिशवी हातात. मी पदर डोक्यावर नीट केला. आतून महेंद्रचा श्वाससुद्धा ऐकू येईना.

बाईंनी वरून खाली पाहिलं. आणि हसल्या! "जयंतीला का? छान दिसताय हो. लवकर या, स्पर्धेची फायनल जवळ आली!"

एवढंच! इतके दिवस नुसतं भ्यायलो! जिना उतरताना माझे गुडघे दुखलेच नाहीत.

विहारात सगळ्या भेटल्या. कौसाबाईनं माझ्याच टिपात सरबत केलेलं. मिरवणुकीत डीजे एवढा की छातीत ढोल वाजतो. आमच्या वेळी गायन पार्टी बसायची, एक पेटी, एक ढोलकी, पहाटेपर्यंत शब्द न् शब्द ऐकू यायचा. आता रिमिक्स. पण प्रीती नाचली. मीपण दोन पावलं टाकली, कोण बघतंय!

खीर आणली डबाभर. येताच समोर दिली. बेल वाजवून, जयंतीची म्हणून सांगून. कुमुदिनीताईंनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. कपाळाला! महेंद्र मागे उभा राहून बघत होता. मी वळून त्याच्याकडे पाहिलं. अकरा दिवसांनी बोलले: "काय रे?"

त्यानं मान खाली घातली. मला वाईट वाटलं. जाऊ दे. उद्या-परवा तसबिरीचं बोलू.

१७ एप्रिल

विठा जिना झाडते आणि समोरची भांडी घासते. पालेगावची आहे, लेकुरवाळी. आज डबा द्यायला तीच आली, आत साखर. दारातच टेकली जरा. "खीर बेस झालती गो आजी. पोरांनी बोटां चाटली. त्या थालीपिठांवर पण कशी तुटून पडली व्हती!"

मी म्हटलं, तुला कशी मिळाली?

"ताई मनाच देतान. तुमचा आलेला सगला मनाच. डबा मी घासतंय, साखर पण मीच घालतंय."

सगळं तुलाच देतात? कधीपासून?

"पहिल्यापासून. तुम्ही ऱ्हावाला आल्याव ताई गॅलरीत हुत्या. सामानाचे आधी चादरीतली तसबीर वर चरली, तवाच बोलल्या, हे त्यांच्यातले हान."

तिला पाणी दिलं. म्हटलं, पुढच्या वेळी तुझा डबा मी वेगळा भरीन, तू सरळ माझ्याकडेच ये. ती बिचारी हसली. तिला काय माहीत.

मग खाली गेले, हार्डवेअरच्या दुकानातून खिळा आणला. लांब. यशोधरेनं काही न विचारता स्टूल धरलं. तसबीर हॉलात आहे, दारासमोर.

संध्याकाळी बेल वाजली. फायनलची वेळ. दार उघडलं. त्यांनी तसबीर पाहिली, मग मला.

म्हटलं, "जयभीम, कुमुदिनीताई. या. चहा ठेवते."