राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी तीन केबिन

३ एप्रिल, सकाळी
आलो एकदाचा. उद्यानाच्या गेटापासून हाकेच्या अंतरावर तीन लाकडी केबिन, मागे तंबूंसाठी मैदान, बाजूला माझी खोली आणि स्वयंपाकघर, समोर डोंगर. वर्षभराच्या करारावर सगळं माझं. विमा कंपनीत लोकांचे दावे नाकारण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली. आता फक्त हो म्हणायचं. राजीनामा दिला तेव्हा साहेबांनी माझा हात हातात घेऊन विचारलं, नक्की ना? जळतायत बिचारे.

बायको अजून शहरातच. हॉस्पिटलात मोठ्या वॉर्डची मुख्य नर्स आहे, नोकरी सोडवत नाही. म्हणाली, आधी तुम्ही बस्तान बसवा, मेअखेरीला रजा काढून येते, बघते, मग ठरवते. म्हणजे ठरल्यातच जमा. एकदा हे बघितल्यावर कोण परत जाईल?

केबिनना नावं दिली. शांती, विश्रांती, समाधान.
संकल्प: पहाटे उठणे. रोज चालणे. पक्षी ओळखणे. चिडायचं नाही.

४ एप्रिल, सकाळी दहा
आत्ता उठलो. डोंगरातल्या हवेला झोप फार. उद्यापासून नक्की.
एक पक्षी पाहिला. काळा. कावळ्यासारखाच, पण डोंगरी असणार.

९ एप्रिल
पहिले पाहुणे! एक आजी-आजोबा, लग्नाच्या वाढदिवसाला आलेले. त्यांना 'विश्रांती' दिली. गीझर बंद होता. मी त्यांना थंड पाण्याचे फायदे सविस्तर सांगितले. आजोबांनी विचारलं, गीझर कधी चालू होईल? म्हणालो, निसर्गाला घाई नसते. त्यांनी टॉवेल पुन्हा बॅगेत ठेवला.

१० एप्रिल
आजोबांना अचानक घरची आठवण आली, त्यामुळे मुक्काम आवरता घेतला. नाश्त्याची अंडी किंचित करपली होती, पण तो विषय निघाला नाही. जाताना आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, सांभाळून राहा हो बाळा. मी बावन्न वर्षांचा! एका रात्रीत किती जीव लावला. जाहिरात करायची ती हीच.

मागच्या मोठ्या दगडावर उभं राहिलं की फोनला रेंज मिळते. हिला कळवलं की हाऊसफुल्ल होतं. तिने विचारलं, तिन्ही? म्हणालो, आवाज तुटतोय.

१७ एप्रिल
प्लंबर येऊन गेला. पाइपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पार्ट घेऊन येतो म्हणाला आणि गेला. फोन केला की म्हणतो, निघालोच. माणूस शब्दाचा पक्का वाटतो.

२४ एप्रिल
कुठल्याशा ऑफिसची टीम तंबूत राहायला आलीय. जागा मी स्वतः निवडली. सपाट, मऊ, हिरवीगार, ओढ्याला लागून. वनरक्षक सायकलवरून चालला होता, तो थांबला. म्हणाला, ओढ्याच्या इतक्या जवळ? म्हटलं, तेच तर वैशिष्ट्य आहे. तो हं म्हणाला. सरकारी माणसांना सौंदर्यदृष्टी नसते.

२५ एप्रिल
वर डोंगरात पाऊस झाला असावा. ओढा चहाच्या वेळेला तंबूत आला. माणसं सगळी सुखरूप. बूट नाहीत. सगळ्यांना 'समाधान'मध्ये कोंबलं, माझी खोलीही दिली. मी गाडीत झोपणार.
टीमला एकत्र आणण्यासाठी ही सहल काढली होती म्हणे. चिखलातून एकमेकांना ओढून काढताना जे ऐक्य दिसलं, ते कुठल्या हॉटेलात दिसलं असतं? आभार मात्र कोणी मानले नाहीत.

२८ एप्रिल
त्यातल्या एकाने रिव्ह्यू टाकलाय. शीर्षक: 'बुडालो'. मी शांतपणे, मुद्देसूद, दोन पानी उत्तर दिलं.
हिने तो वाचला. मला वाटलं, आता झाडणार. तिने नुसतंच विचारलं, तुम्ही बरे आहात ना? बरा आहे म्हणालो. फोन ठेवल्यावर दगडावरून उतरायचंच विसरलो.

६ मे
वनरक्षक पुन्हा आला. उरलंसुरलं अन्न लोखंडी पिंपात टाका, कुलूप लावा, अस्वल फिरतंय म्हणाला. किल्ली सापडत नाहीये. पण इतक्या खाली अस्वल येत नाही, असा माझा अभ्यास आहे.

८ मे
येतं.
पहाटे स्वयंपाकघरात भांडं पडलं. मांजर समजून गेलो. मग बाथरूममध्ये शिरलो, कडी लावली. आत रेंज नाही. बाहेर त्याने ब्रेड खाल्ला, जॅम खाल्ला, फ्रिज उघडला. फ्रिज मी दोन्ही हातांनी जोर लावून उघडतो, त्याने बोटाने उघडला. मी आतून ओरडलो, "बंद आहे!" दुकानदारासारखा.
पोट भरल्यावर ते आपणहून गेलं. मी बऱ्याच वेळाने निघालो.
'शांती'मधलं नवविवाहित जोडपं जाम खूश. त्यांनी खिडकीतून अस्वलाचे फोटो काढले आणि बाथरूमच्या झरोक्यातून दिसणाऱ्या माझ्या चेहऱ्याचेही. खूश होते, तरी दुपारीच सामान बांधून गेले. हल्लीच्या पिढीला स्थैर्य नाही.

१५ मे
कोणी नाही. ब्रेड खाल्ला. तिन्ही केबिनच्या चादरी बदलल्या. वापरलेल्या नव्हत्या, तरी बदलल्या.

२९ मे
ही आली. हात मागे बांधून, राउंडला निघाल्यासारखी तिन्ही केबिनमधून फिरली. मी बरोबर चालत माहिती देत होतो. शेवटी एवढंच विचारलं, स्क्रूड्रायव्हर कुठाय? माझ्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे की नाही, यावर मी कधी विचारच केला नव्हता.

१ जून
प्लंबर पार्टसकट हजर. हिने फोनवर त्याला काय सांगितलं, देव जाणे. दोनच वाक्यं बोलली होती. सगळीकडे गरम पाणी. तो तिला ताई म्हणतो. मला म्हणाला, दादा, जरा बाजूला व्हा.
बाजूला झालो. मार्गदर्शन तिथूनही करता येतं.

९ जून
तिन्ही केबिन भरल्या. तंबू वरच्या अंगाला, खडकाळ जागेवर. तिथे मुळीच शोभा नाही, पण लोकांना चालतं म्हणे. जो तो विचारतो, ताई कुठायत? ही म्हणते, पेशंट आणि पाहुणे यांत फरक एवढाच की पाहुणे आपल्या पायांनी येतात. कपाटाखाली पिंपाची किल्ली तिला सापडली.
काल संध्याकाळी ती कोणाशी तरी बोलताना खळखळून हसली. हे हसणं मी किती वर्षांनी ऐकलं! दाराआड उभा राहून ऐकत राहिलो.
जिंकलो. हिला डोंगर आवडणार हे माझं भाकीत होतं. आता ती राहील. माझी मदतनीस म्हणून तिला हळूहळू तयार करीन.

१६ जून, संध्याकाळी
पायऱ्यांवर बसलो होतो. म्हणाली, "अहो, मी नोकरी सोडतेय. इथेच राहायचं म्हणते."
मला उडी मारावीशी वाटली. म्हटलं, मी सांगितलं नव्हतं?
"सांगितलं होतंत. तुमचं बरोबर होतं," म्हणाली. लग्नानंतर हे वाक्य पहिल्यांदाच कानावर पडलं. "पण घर चालायला एकाचा तरी पगार हवा. तुमच्या साहेबांशी बोलले मी. तुमची जागा अजून रिकामीच आहे."
मी म्हटलं, "आणि इथलं कोण बघणार?"
तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने बघितलं असतं तर भांडता आलं असतं. फार मायेनं बघितलं.
"मी बघते की."
विचार करून सांगतो म्हणालो. ती म्हणाली, सोमवारी हे येतात, असं साहेबांना कळवलंय.

२२ जून
ऑफिस. तीच खुर्ची. साहेबांनी एक शब्द विचारला नाही, नुसता चहा मागवला. एवढा चांगुलपणा करायची गरज नव्हती.
सर्वांना सांगितलं की धंदा मार्गी लागला, आता तिथे माझी रोज गरज नाही.

२६ जून
केबिन कशा चालवाव्यात, याच्या सविस्तर सूचना हिला पाठवल्या. उत्तर आलं: अंगठा.

५ जुलै
घरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला कोणी नाही. भात करपला.
हिला फोन केला. शनिवार-रविवार येतो म्हणालो. मागे माणसांचा गलका, कुणीतरी ताई, ताई करत होतं. थांबा हं, बघून सांगते, म्हणाली. बराच वेळ थांबलो. मग म्हणाली, अहो, सगळं फुल्ल आहे, तंबूसुद्धा. माझ्या खोलीतही एक म्हाताऱ्या बाई आहेत, त्यांना केबिनच्या पायऱ्या चढवत नाहीत. वेटिंगवर टाकू का?
टाक म्हणालो.
सवयीने तिने विचारलं, किती जण?
एक, म्हणालो.