शेजारणीला सांगितलेली पूजा

गुरुवार संध्याकाळ, करामा, दुबई

रिवकाने आज डोकं उठवलं. तिच्या बापाचं ऑपरेशन नीट झालं तर मलिदा करीन, गोड पोह्यांचं आणि फळांचं ताट मांडून गाणी म्हणीन, असा नवस मी आमच्या एलियाहू हनाबी प्रेषिताला बोलले होते. ऑपरेशन नीट झालं, मलिदा रविवारी करायचा ठरला. तर लेक म्हणते, "मम्मी, प्लीज, नॉट नाऊ. न्यूज बघतेस ना? आपण ज्यू आहोत हे बिल्डिंगला कशाला कळायला हवं?" म्हणे दार लावून हळू आवाजात गाणी म्हणा. नवस काय चोरून फेडतात?

तरी तिची भीती मलाही चिकटली. शेजारच्या जुबेदाकडे खवणी मागायला गेले आणि तोंडातून निघालं, "घरी पूजा आहे." मी आणि पूजा!

जुबेदा मुरूडची. हसतच सुटली. "अगो बाय, कसली पूजा? शनिवारी तुझा गॅस पेटत नाही, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं. गावाला आमच्या शेजारी तुमचेच लोक होते. मलिदा आहे ना? मीच येते नारळ खवायला."

इतकी वर्षं शब्बाथ पाळून शनिवारी चूल-कुकर लावला नाही, आणि मला वाटायचं कुणाला पत्ता नाही!

घरी येऊन सांगितलं, दार उघडं राहील, गाणी मोठ्याने होतील.

"मम्मी, उद्या इथून जावं लागलं तर?"

मी म्हटलं, लागलं तर जाऊ. मला काय माहीत पुढचं? पण रविवारी मी कुठे जात नाही.

"आणि मला भीती वाटली तर?"

"तर जुबेदाच्या बाजूला बस आणि घाबरत घाबरत केळी काप."