मेले ॲट द्वारका

मंगळवार, संध्याकाळ

सईने मोबाइलवरची इंग्रजी बातमी मोठ्याने वाचली, “मेले ॲट द्वारका,” आणि माझ्या हातून परात सुटली. ह्यांचं दुकान तिथंच. फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला, तरी नाही.

“आई, कोणी मेलं नाहीये,” सई म्हणाली. “मेले म्हणजे कोण कुणाला मारतंय तेच कळत नाही, अशी मारामारी.”

अर्थ कळला, तरी मी फोन लावतच राहिले. तासाभराने हे आले, शर्टाची बाही फाटलेली. भांडण सोडवायला मध्ये पडले म्हणे, फोन गर्दीत हरवला. मी खूप बोलणार होते. पण ती फाटकी बाही नुसती धरून उभी राहिले. मग चहा केला, साखर दोनदा पडली. ह्यांनी निमूट सगळा प्यायला.