लाकडातली दिपमाला

५ जानेवारी, दोंडाईचा
आज सामान लावलं. शाळेत चित्रकलेची नोकरी, स्टेशनजवळ भरपूर उजेडाची खोली, आणि घरमालकीण प्रमिलाअक्का तर अशी, की आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढ्यात. एकटीच राहते. वाढताना म्हणाली, "दिपमाला, आते तू मनी पोरच शेस." तिची पोरच झाले मग; दोनदा भाकरी मागून घेतली.

११ जानेवारी
जळगावच्या प्रदर्शनाला स्वतःचं चित्र द्यायचंय. कोळशानं काढलं. कोळसा बोटानं पुसत गेलं की सगळं मऊ होतं. कागदावर उतरली ती कुणाला न दुखावणारी गुणी मुलगी. अक्काला आवडली. मला नाही. आता लाकडात कोरणार. तिथं पुसणं नाही. पटाशीनं काढलं ते गेलं. उरेल त्याला शाई लावून ठसा घ्यायचा. बाजारातून निंबाची फळी आणली.

१५ जानेवारी
कपाळ, गाल झाले. पहिला ठसा घेतला. बाई भयंकर रागीट दिसते. हा राग मी कोरला नव्हता, लाकडानंच आणला. खरं सांगू? बघून बरं वाटलं.

१७ जानेवारी
उठले तर गाल चिरलेला. टाके पडले. डॉक्टरांनी हळूच विचारलं, कोणी मारलं का. घरी येऊन फळी पाहिली. गालावर कोरलेली रेघ जखमेसारखीच, तितकीच वाकडी.

१९ जानेवारी
खात्री करायची म्हणून फळीवर कानाच्या पाळीचा टवका उडवला. माझी पाळी खाली पडली. अक्कानं पदरात उचलून घेतली.

२० जानेवारी
अक्कानं फळी चुलीत घातली. माझे केस पेटले, मान सोलवटली. तिनं नुसत्या हातांनी फळी ओढून काढली. तिचे तळवे— एकमेकींना मलम लावत बसलो.

२१ जानेवारी
उजवा हात ऐकत नाही. पटाशी शोधतो. अक्कानं दोरानं खाटेला बांधलाय. फळीवर डोळे कोरायचे राहिलेत. कोळशात पांढऱ्यासाठी नुसता कागद सोडतात. लाकडात खणून—

२२ जानेवारी
दोर तुटला. डावा डोळा गेला. डाव्या हातानं लिहितेय— उजव्यात पटाशी. अक्का त्या हातावर आडवी पडलीय. तिच्या खांद्यात घुसली. पुन्हा घुसली. सोडत नाही. म्हणते, "एक डोया तरी ऱ्हाऊ दे."
हात वळला. फळीकडे नाही, तिच्या तोंडाकडे— अक्का, सोड, पळ, मी तुला मा