सहाव्या मागाची पाचर

४ मार्च १९९६, सोम.
नाही, जनरेटर घेणार नाही. त्याचा धूर आणि धडधड कोण सोसणार? बापानं याच कब्बनपेटेत हातमाग चालवला, तेव्हा करंट नव्हताच. आता करंटवरचे सहा माग आहेत आणि करंट नाही. याला प्रगती म्हणायचं. आज सकाळी दोन तास गेला, दुपारी परत. कपातीची वेळ पेपरात छापून येते, करंट पेपर वाचत नाही. चिकपेटच्या दुकानाला उगादीच्या सणाआधी साड्या द्यायच्यात.

६ मार्च, बुध.
माग-मालक संघाची मीटिंग. खाजगी कंपनीचा माणूस टाय बांधून आला होता. नवीन वीजकेंद्र, तीन-चार वर्षांत. मी विचारलं, उगादीपर्यंत काय? सगळे हसले, तो म्हणाला, बघू.
करार म्हणे असा, की करंट घ्या न घ्या, कंपनीचे पैसे द्यायचेच. वर सरकारची हमी. शेजारचा नारायण मराठीत कुजबुजला, "म्हणजे जावई की हो! काम करो न करो, मानपान ठरलेला."
सेक्रेटरी नागराज समजावतो, "शंकरअण्णा, सरकारकडं पैसा नाही. खाजगीवाले आले नाहीत तर दहा वर्षांनी पोरं काय चालवणार?" खोटं बोलत नाही तो. पण हमी कंपनीला. आम्हाला कोण देणार? कराराचा कागद दोनदा बघितला. आमचं नाव कुठंच नव्हतं.

८ मार्च, शुक्र.
करंट गेला की स्टार्टरचं बटण सुटतं. आला की सहाही बटणं एकेक दाबत फिरा. तेवढ्यात परत जातो. पोरखेळ.
लाकडाच्या सहा पाचरी तासल्या, बटणांत ठोकल्या. आता बटण सुटतच नाही. करंट आला की माग आपला आपण सुरू.
दत्तू बोललाच, "दाजी, बटण सुटतं ते कशासाठी तरी असेल ना?" हिचा भाऊ, वीस वर्षं सहाव्या मागावर, म्हणून ऐकून घेतो. म्हणलं, तू साडी विण. "सरी," म्हणून मान डोलावली.

९ मार्च, शनि.
दोन साड्या जास्त निघाल्या. पाचर बरी.

१२ मार्च, मंगळ.
अकराला करंट गेला. दत्तू ताण्यातली तुटलेली तार जोडत बसला, हात धागे ठोकणाऱ्या फणीपुढं. करंट आला.
उजव्या हाताची दोन बोटं. साडीभर रक्त.
मी आधी पाचर उपटली, मग त्याला धरलं. उलटं करायला हवं होतं.

१३ मार्च, बुध.
सरकारी दवाखाना. बोटं काढली. हिनं विचारलं, कसं झालं? मी तोंड उघडायच्या आत दत्तू म्हणाला, "अक्का, मीच स्विच बंद करायचा विसरलो." माझ्याकडं बघितलं नाही. ही तिथंच त्याच्यावर ओरडली, "लहानपणापासून धांदरट मेला!" आणि रडली.
मी चहा आणायला गेलो.
घरी येऊन पाच पाचरी चुलीत घातल्या. बाकीचे विणकर बघत होते.

१६ मार्च, शनि.
नागराज अर्ज घेऊन आला. मंत्र्याला द्यायचा. वीजकपातीनं विणकराचा हात गेला, तरी खाजगी वीजकेंद्र लवकर मंजूर करा, असं. खाली मालकाची सही पाहिजे. माझी.
"अण्णा, त्याच्या दोन बोटांनी सगळ्या पेटेचं भलं होईल."
म्हणलं, ठेवून जा.
करंट गेला नसता तर पाचर लागली नसती. हे खरंच आहे. पण कपात सरकारची, पाचर माझी. अर्जात पाचर नाही.

१८ मार्च, सोम.
दत्तू आमच्याकडं आला. हात गळ्यात बांधलेला. "दाजी, सहावा माग माझाच ना?" त्यालाही हमी पाहिजे. तीन बोटांनी तार कशी जोडणार? म्हणलं, बघू. तो टायवाला बोलला तसंच बोललो. दत्तू "सरी" म्हणाला, त्याच्या बायकोनं आमच्यासाठी दिलेला डबा ठेवला आणि गेला.

१९ मार्च, मंगळ.
उद्या उगादी. साड्या अर्ध्याच गेल्या. सहावा माग बंद.
सकाळी धुण्याच्या वेळी हिला माझ्या सदऱ्याच्या खिशात सहावी पाचर सापडली. दुपारी माझ्या ताटाशेजारी आणून ठेवली. अर्ज फळीवर, सही नाही.
"हे काय?"
"लाकूड."
"स्विच विसरला दत्तू, आणि लाकूड तुमच्या खिशात?"
वाढलं नाही. उभीच राहिली.
पाणी पिऊन उठलो. बस्स. मी काही सांगणार नाही, आणि इथंही यापुढं एक अक्षर लिहिणार नाही.