निळ्या खोल्यांचा कागद

हरिपूर (सांगली)
२२ ऑक्टोबर १९९९

चि. संयोगिता हिस विजयमाला आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट दसरा झाल्यावर पोचलं. उघडलं तर आत नुसता निळा कागद, वर एक अक्षर नाही. तुझ्या आतोबांनी तो उजेडात धरला, उलटा करून बघितला आणि म्हणाले की पोरगी एवढी शिकली की आता लिहायचीच गरज उरली नाही. मग पाकिटाच्या तळाशी तुझी चिठ्ठी सापडली. मी चौथीत शाळा सोडलेली बाई. एवढंच कळलं की हा रंग नव्हे. तांबं आणि कसला तरी आंबट पदार्थ मिळून झालेली ही पावडर आहे, तिचा एकेक कण आतून पोकळ आहे, आणि ती कागदाला धरावी म्हणून तू साताऱ्याच्या कॉलेजात डोकं फोडून घेते आहेस. पोकळ वस्तू कागदाला चिकटवायला एवढं शिक्षण लागतं व्हय?

सर्वपित्रीला इथं आलीस तवा वडे तळताना तुझं अर्धं लक्ष कढईत आणि अर्धं साताऱ्यात. कशात होतं ते आता कळलं.

पण खोटं कशाला बोलू, कागद लय देखणा आहे. स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवलाय. सकाळी चूल पेटली की तो मोराच्या गळ्यासारखा गडद होतो. संध्याकाळी नदीकडनं गार हवा आली की हळूहळू फिका पडत जातो, पाऊस उघडल्यावरच्या आभाळासारखा. भाकरी थापता थापता मी बघत बसते. परवा एक करपली. तुझे आतोबा ती मुकाट्यानं खाऊन उठले, ते मला जास्त लागलं.

असं का होतं ते लिही. सोपं लिही, मला दम नाही.

माया आहे म्हणूनच बोलते, हे धरून चाल.

तुझी
विजयमाला आत्या


सातारा
२ नोव्हेंबर १९९९

ती. आत्यास संयोगिताचा शि. सा. न. वि. वि.

आधी तो कागद चुलीपासून लांब कर. त्यात तांबं आहे, अन्नात पडता कामा नये.

आता तुझ्या प्रश्नाचं. आतोबा भरतात ती हळदीची पेवं आठव. वर नुसती जमीन, माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आणि खाली खोलीएवढं पोट. माझ्या पावडरीचा एक कण म्हणजे अशा पेवांचं अख्खं गाव. त्या तोंडांतून हवेतली ओल आत शिरते. खोल्या रिकाम्या असल्या की रंग गडद, ओल येऊन बसली की फिका. उबेनं ती पुन्हा बाहेर पडते. चिमूटभर पावडरीतल्या भिंती उलगडून पसरल्या तर तुझं अंगण झाकून उरतील.

पण नुसती पावडर कामाला येत नाही, उडते, सांडते. कागदात धरली तर कापता येईल, घडी घालता येईल, हवा गाळता येईल. म्हणून मी कागद आधी एका औषधात रात्रभर भिजवते. त्यानं त्याच्या तंतूंना बारीक आकडे फुटतात. मग निळ्या पाण्यात घातला की आकड्यांना तांबं लटकतं आणि त्यावर खोल्या उभ्या राहतात. राहायला हव्यात, असं म्हणायचं. कागद वाकवला की सगळं झडतं. तुझ्याकडचा तेवढा एक धरला. मला वाटलं आता रोजच होतील, म्हणून आनंदाच्या भरात तुला पाठवून दिला. त्यानंतर एकही झाला नाही.

आमचे सर म्हणाले आहेत की डिसेंबर संपेपर्यंत जमलं नाही तर विषय बदलायचा. म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. बाबांना यातलं काही बोलू नकोस.

आतोबांना नमस्कार. तुझ्या रागासकट तुझी आठवण येते.

तुझी
संयोगिता


हरिपूर
१४ नोव्हेंबर १९९९

चि. संयोगिता हिस अनेक आशीर्वाद.

तुझा बाप भाऊबीजेला येऊन गेला. मी काही बोलले नाही, त्याला आधीच वास लागलेला. मिल्ट्रीत होता, तोंड बघून ओळखतो. त्यानं साखर कारखान्याच्या शाळेत तुझ्यासाठी जागा बघून ठेवली आहे, जानेवारीपासून. चेअरमनला शब्द देऊन बसलाय. म्हणाला की आणखी एक वर्ष म्हटली तर ऐकणार न्हाई, कागद रंगवायला पोरगी ठेवली नव्हती.

माझं मत विचारशील तर नोकरी धर. महिन्याच्या महिन्याला पगार, दुपारी घरी. तुझी आई गेली तवापासून मी तुला वाढवली, ती काय शिशीतल्या निळ्या पाण्याकडं बघून कुढायला? एक गोष्ट होत नसली की सोडावी. मी रेशमाचा भरतकामाचा रुमाल सोडलाय अर्धा, काही बिघडलं नाही.

आता दुसरं. हे कुणाला सांगू नको. मला परवा स्वप्न पडलं. मी आपल्या पेवांच्या माळावर उभी. वर काही नाही, नुसतं गवत हलतंय. मी एका तोंडातून खाली उतरले. खरं तर पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं, कोंडलेली हवा माणसाला लोळवते. पण तिथं हवा अशी होती, पहाटे तुळशीपाशी असते तशी. आत खोली. खोलीतून खोली, तिच्यातून आणखी एक. सगळ्या निळ्या आणि रिकाम्या. ना पोतं, ना भांडं, ना कुणाची हाक. मी चालत राहिले. पायांना जमीन लागतच नव्हती. एका खोलीत बसले, तर मला वाटलं ही माझी. आमच्या घरात मी कधी अशी बसले नाही बाई, एकटी, हातात काही नसताना.

जाग आली तर आतोबा चहा मागत होते.

नोकरीचं काय ते कळव.

आशीर्वाद आहेत, ते वाया घालवू नको.

विजयमाला आत्या


सातारा
२४ नोव्हेंबर १९९९

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

एका हातानं नोकरी धर म्हणतेस आणि दुसऱ्या हातानं असं स्वप्न पाठवतेस. मी कुठलं ऐकू?

खरं सांगते, आत्या, शाळेत शिकवायला मला आवडेल. पण हे अर्धं टाकून गेले तर प्रत्येक वेळी मुलांच्या वह्या तपासताना कागदावरून हात फिरेल आणि वाटेल, का धरत नव्हतं? ते कळल्याशिवाय मला जायचं नाही.

एक मागते. तुझा कागद परत पाठव. सरांना वाटतं की एक धरला होता हे मी मनाचं सांगते. तो पुढ्यात ठेवला तर निदान तपासता येईल. कसा झाला तेच समजत नाही. शुक्रवारी संध्याकाळी औषधात घातला आणि सर्वपित्रीसाठी तुझ्याकडे आले. आमचे प्रयोगशाळेतले शिपाई कोंडीबाकाका, म्हसवडचे, त्यांना सांगून आले होते की शनिवारी सकाळी काढून निळ्या पाण्यात घाला. सोमवारी आले तर कागद वाळत होता. त्याच बाटल्या, तोच कागद, तीच एक रात्र. जास्त भिजवायची मला भीती वाटते, कागदाचा लगदा होतो असं पुस्तकात आहे.

खिळा रिकामा दिसेल, त्याबद्दल रागावू नकोस.

तुझीच
संयोगिता


हरिपूर
३० नोव्हेंबर १९९९

चि. संयोगिता हिस अनेक आशीर्वाद.

कागद पाठवते आहे. एका कोपऱ्यावर पिवळं दिसेल. ती हळद मी लावली, पहिल्याच दिवशी. आमच्यात नवी वस्तू हळद लावल्याशिवाय भिंतीला लावत नाहीत. तुझ्या सरांना काय सांगायचं ते सांग.

आता तुझं पत्र. वाचून मी कपाळ बडवलं. सर्वपित्री अमावास्येला सकाळी, पितर दारात असताना, म्हसवडच्या सिद्धनाथाला मानणारा माणूस नवीन कामाला हात लावेल? तू साताऱ्यात राहून येडी झालीस का? तू त्याला पहिल्यांदा काम सांगितलंस, बरोबर ना? मग तर तो मुळीच लावणार नाही. आमच्याकडं त्या दिवशी कुणी पेवाचं तोंड फोडत नाही, न्हाणीतला नवा तांब्या वापरत नाही. दुसऱ्या दिवशी घट बसले की मग काय करायचं ते करतील. तो तुझ्या तोंडावर व्हय म्हणाला असेल, कारण तू बाई, शिकलेली. जाऊन विचार. ओरडू नको, घाबरेल आणि खोटं बोलेल.

मला औषधातलं काही कळत नाही. पण माणसं कळतात.

भिंत ओकीबोकी दिसते. संध्याकाळ झाली की डोळे तिकडं जातात आणि फिकं व्हायला काहीच नसतं.

पत्र लवकर टाक. वाट बघणं हे माझं काम नव्हे.

विजयमाला आत्या


सातारा
१५ डिसेंबर १९९९

ती. आत्यास अनेक साष्टांग नमस्कार.

मी कोंडीबाकाकांना चहा दिला आणि मग विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले की बाईंनी पहिल्यांदा विश्वासानं काम दिलं, ते अवसेला सुरू करून कसं नासवायचं? त्यांनी कागद औषधातच राहू दिला. रविवारी घरी घट बसवले, अंघोळीनं केस ओले असतानाच कॉलेज उघडलं, आणि मग तो निळ्या पाण्यात घातला. मी ओरडेन म्हणून बोलले नाहीत.

म्हणजे तो एक रात्र नव्हे, दोन रात्री भिजला होता. मी भीतीनं दरवेळी लवकर काढत होते, आणि आकडे पुरते फुटतच नव्हते.

दोन रात्री ठेवून पाच कागद केले. दोन लगदा झाले. तीन धरले. काल सरांनी एक हातात घेतला, वाकवला, चुरगळला, काळ्या टेबलावर झटकला. टेबल काळंच राहिलं. सरांनी पुन्हा झटकला. मग हळदीच्या कोपऱ्याचा तुझा कागद मागवून दोन्ही शेजारी ठेवले आणि म्हणाले की पुढच्या वर्षाचा अर्ज करा.

पण बाबांनी शब्द दिलेला आहे, आत्या. पंधरा दिवसांवर आलं. त्यांच्यापुढे एकटीनं उभी राहून हे सांगायला मला जमणार नाही. तू येशील का माझ्याबरोबर कराडला, बाबांकडे?

तुझी वाट बघणारी
संयोगिता


हरिपूर
१५ डिसेंबर १९९९

चि. संयोगिता हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. पंधरा दिवस झाले. म्हणजे धरला नाही, असंच मी समजते. नाहीतर एवढ्यात कळवलं असतंस.

काल सकाळची एस.टी. धरून मी कराडला जाऊन आले. तुझ्या बापाकडं. तुला विचारलं नाही, विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस.

त्याला म्हटलं पोरीला वर्ष दे. तो चेअरमन, शब्द, लोक काय म्हणतील, असं सगळं बोलला. मग मला विचारलं की त्या कागदाचा उपयोग तरी काय. मी म्हटलं आत खोल्या आहेत. तो हसला, म्हणाला त्यात राहायला कोण जाणार? मी म्हटलं, मी गेले होते. तवा तो हसायचा थांबला.

मग मी पिशवीतून भाऊबीजेची साडी काढली, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. त्याच्यापुढं ठेवली. म्हटलं नानासो, ही तुझी तू घे. मला ओवाळणीत तिचं एक वर्ष दे. त्यानं साडी उचलली, पुन्हा खाली ठेवली. आमची आई गेल्यापासून त्याची साडी मी कधी परत केली नव्हती. शेवटी ती त्यानं माझ्याच पिशवीत घातली आणि म्हणाला, दोन्ही ने.

तवा कागद धरो नाहीतर झडो, तुला वर्ष आहे. जमलं नाही तर विषय बदल, पहिल्यापासून कर, पण घाबरून घरी येऊ नको. चेअरमनला तो सांगेल, तो त्याचा प्रश्न.

एस.टी.त खिडकीला बसले होते. ऊस तोडून रिकामी झालेली शेतं दिसत होती, मैलोन्‌मैल, नुसती निळसर धुक्यात पडलेली. मला झोप लागली. किर्लोस्करवाडी कधी गेली कळलंच नाही.

आता लगेच पत्र टाक. वाईट असलं तरी टाक.

मायेत कमी नाही, दमच कमी आहे.

तुझी
विजयमाला आत्या