साडी वाटेत आहे

प्रिय विहीणबाई,

'प्रिय' लिहिताना हात जरा अडखळलाच. जिवंतपणी कधी म्हटलं नाही ना! आपल्यात आपलं 'अहो विहीणबाई' आणि 'बघा हं विहीणबाई', एवढंच. पण आज दुपारी मेसचा टेम्पो तुमच्या माहेराहून परत आला आणि त्यातून माझ्या नावाची एक पिशवी आली. ती उघडल्यापासून मला तुमच्याशी बोलायचंय. मनीषा म्हणाली, "आई, मग लिहा ना आईला." तुमची लेक, माझी सून, एकाच वाक्यात आपल्या दोघींना आई म्हणते आणि कधी घोळ करत नाही.

पिशवीत काय होतं ते शेवटी सांगेन. तुम्हाला मालिकेचा शेवटसुद्धा शेजारणीकडून आधी काढून घ्यायची खोड! आज थांबा जरा.

आधी आपल्या पोरांचं लग्न आठवा. तळेगावचं कार्यालय, माझा संतोष बोहल्यावर, आणि मी वरमाय आतल्या खोलीत रुसून बसलेली. का? तर वरमाईचा मान म्हणून तुमच्या माहेरची साडी यायची होती, आणि ती आणणारे तुमचे दत्तूदादा हात हलवत आले. एसटी बदलताना पिशवी पहिल्या गाडीच्या फळीवरच राहिली! माझ्या नणंदा काय बोलल्या असतील ते तुम्हाला सांगायला नको.

तुम्ही आत आलात. मला वाटलं, आता हातापाया पडणार. कसलं काय! "रुसा हो, तुमचा हक्कच आहे," म्हणालात, "पण आधी माझ्या आईची ओटी भरा. म्हातारी लांबून आलीय." मी चडफडत उठले, ओटी भरली. म्हातारीनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि माझा रुसवा कुठे गेला मलाच कळलं नाही. पुढे कधीतरी मी विचारलं, हे काय केलंत तेव्हा? तर तुम्ही कांदा चिरत म्हणालात, "देणाऱ्याला रुसता येत नाही, विहीणबाई. हात गुंतलेले असतात त्याचे."

साडी मात्र आली नाहीच. मी दर सणाला टोमणा मारायचा आणि तुम्ही हसून म्हणायचं, "येतेय हो, साडी वाटेत आहे!" तुमचं ते हसणं! पार गेटवरच्या वॉचमनला ऐकू जायचं.

आणि त्याच लग्नात आहेरात भिंतीवरची पाच घड्याळं आली होती. पाच! आणि कुकर एकही नाही. तुम्ही ते कधी विसरला नाहीत. चाकणला तुमची मेस चालू झाली, चार कंपन्यांचे डबे जायला लागले, मीही तळेगावहून येऊन पोळ्या लाटायला लागले, तेव्हासुद्धा कुणी एकसारखी दोन कामं केली की तुम्ही ओरडायचात, "झालं! आलं दुसरं घड्याळ!"

म्हणून तर त्या वर्षी सांगलीकडे पाणी भरलं तेव्हा तुमच्या लगेच लक्षात आलं. आपल्या चारही कंपन्यांनी ट्रक पाठवले. स्प्रिंगवाल्यांनी बाटलीचं पाणी आणि बिस्किटं. रबरवाल्यांनी बिस्किटं आणि बाटलीचं पाणी. काचवाले नि रंगवाले, त्यांचंही तेच. चौघांनी हायवेलगतच्या एकाच शाळेत उतरवलं, बॅनर धरून फोटो काढले आणि परत. आपला बाळू ड्रायव्हर सांगत आला, "काकू, शाळेत बिस्किटांची थप्पी पार छताला लागलीय, आन् आतल्या वाडीत चूल पेटवायला काडी न्हाई."

तुम्ही चौघांकडच्या साहेब लोकांना मेसमध्ये जेवायला बोलावलंत. धपाटे, ठेचा, दही. मी म्हटलं, अहो, एवढी मोठी माणसं, निदान गोडाचं करा! तर म्हणे, "ठेचा खाल्ला की माणूस पाणी मागतो, भांडण नाही मागत." आणि मग त्यांना घड्याळांची गोष्ट सांगितलीत. रबरवाल्यांचे कदम साहेब हसता हसता ठसकले. "साहेब," तुम्ही म्हणालात, "आहेर ठरवून द्यावा. एकानं भांडी, एकानं पांघरुणं, एकानं गुरांचा चारा. आणि स्प्रिंगवाल्यांकडे फिटर आहेत ना? मग त्यांनी माणसं द्यावीत. पाण्याची मोटर आणि पिठाची गिरणी सुरू झाली की गाव आपलं आपण उठतं."

पटलं सगळ्यांना. आणि मग बॅनरवर कुणाचं नाव आधी, यावरून अशी जुंपली म्हणता! कदम साहेब म्हणाले, आमचा ट्रक सगळ्यात मोठा, आमचं नाव आधी. काचवाल्यांच्या नायर मॅडम म्हणाल्या, अक्षरांप्रमाणे लावा. रंगवाले जेवणावरून उठायलाच निघाले. वरपक्ष परवडला! मला आतून अगदी बरं वाटत होतं, म्हटलं जगात रुसणारी मी एकटी नाही.

तुम्ही चार नारळ आणलेत. "बॅनर राहू द्या. ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या गाडीसमोर नारळ फोडायचा. आपल्या गाडीला आपण मान द्यायचा नसतो." कदम साहेबांनी काचवाल्यांच्या ट्रकपुढे नारळ फोडला, नायर मॅडमनी रंगवाल्यांच्या. आणि खरंच हो, कुणाला रुसता येईना! चारही ट्रक एका रांगेत गेले. तुम्ही माझ्याकडे बघून डोळा मारलात. साठीच्या बाईनं असा डोळा मारावा का!

मग इतकं सगळ्यांचं जमवणाऱ्या बाईला स्वतःच्या छातीचं दुखणं तेवढं जमवता आलं नाही? 'ॲसिडिटी आहे' म्हणत सोडा पीत राहिलात. मी म्हटलं, चला डॉक्टरकडे. "आज तिसऱ्या शिफ्टचे डबे आहेत," म्हणालात. डबे मी भरले नसते का? याचा मला राग आहे, विहीणबाई, अजून आहे. उन्हाळ्यात तुम्ही गेलात आणि मी तेराव्यालाही कुणाशी धड बोलले नाही. लोकांना वाटलं, मी मानपानावरून रुसलेय. रुसले होतेच. तुमच्यावर.

आणि आता तुमच्या माहेरच्या नदीला पूर आला. दत्तूदादांचा फोन दोन दिवस लागेना. लागला तेव्हा म्हणाले, "आमी समदे जित्ते हाव. घरात गाळ हाय गुडघ्याएवढा. ज्वारी भिजून कोंब आले."

मी कंपन्यांना फोन लावले. कदम साहेब म्हणाले, "मावशी, काकू गेल्या. आता कोण जमवणार सगळ्यांना? आमचं आम्ही पाठवतो." नायर मॅडमचं तेच. कुठे पाठवताय, विचारलं, तर दोघंही हायवेवरच्या एकाच मंगल कार्यालयाचं नाव सांगायला लागले! तुमचं गाव हायवेपासून किती आत, मधे तो पडका पूल. म्हणजे पुन्हा पाच घड्याळं, आणि दत्तूदादांच्या दारात काहीच नाही.

तुमचं एवढंच एक माहेर, आणि ते माझ्या हातून राहिलं तर तुम्हाला वर काय तोंड दाखवू?

मग तुमच्यासारखे धपाटे केले, सगळ्यांना बोलावलं. तिघं आले, कदम साहेब आलेच नाहीत. आणि धपाट्यात मीठ जास्त. मी रुसले, दुसरं काय येतं मला! ताट झाकलं आणि मनीषाला म्हटलं, गेले उडत, ज्याला जे पाठवायचंय ते पाठवू दे. ती पीठ मळत होती. वर न बघता म्हणाली, "आई, देणाऱ्याला रुसता येत नाही ना?"

अगदी तुमचा आवाज!

मी डबा भरला आणि रिक्षानं थेट रबरवाल्यांच्या गेटवर. वॉचमननं बसवून ठेवलं. बसले. कदम साहेब बाहेर आले ते घाईत, तोंड आधीच नकाराचं केलेलं. मी ट्रकचं नावच काढलं नाही. म्हटलं, "साहेब, काचवाल्यांच्या गाडीसमोर नारळ फोडायला माणूस नाही. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, तो मान कदम साहेबांचा. तुम्ही नाही आलात तर त्या बिचाऱ्यांची गाडी तशीच जाईल हो."

ते डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसत बसले. "काकूंनी मला पहिल्यांदा ठेचा खाऊ घातला तेव्हा मी रडलो होतो," म्हणाले, "तिखटानं." आणि मग, "आमच्या गाडीला कोण फोडणार?" मी म्हटलं, नायर मॅडम. त्यांना अजून विचारलंच नव्हतं! पण तुम्ही तरी कुठे आधी विचारायचात?

गेले हो ट्रक, विहीणबाई. चारही, एका रांगेत. रबरवाल्यांनी भांडी आणि बायकांना नव्या कोऱ्या साड्या दिल्या, काचवाल्यांनी पांघरुणं आणि ताडपत्र्या, रंगवाल्यांनी चारा. स्प्रिंगवाल्यांच्या फिटर पोरांनी पुलाच्या अलीकडे ट्रक थांबवून सामान ट्रॅक्टरनं आत नेलं आणि गिरणी चालू केली. मागून आपला टेम्पो, त्यांच्या जेवणाचा. दत्तूदादांचा फोन आला, "पीठ पडाया लागलं." एवढंच बोलले आणि ठेवला.

आता पिशवी.

बाळूनं ती माझ्या हातात दिली तेव्हा मला वाटलं, खरकटे डबे असतील. उघडली तर साडी. हिरवी, लाल काठाची, प्लास्टिकसुद्धा न काढलेली, वर रबरवाल्यांचा स्टिकर. आणि चिमूटभर हळदीकुंकू, कागदाच्या पुडीत. आपणच पाठवलेल्यातली साडी! मी बाळूवर ओरडले, "अरे, त्यांची साडी परत कशी आणलीस? त्यांच्या अंगाला कोरडं वस्त्र नाही आणि..."

तो म्हणाला, "मावशी, मी नकोच म्हणत होतो. दत्तूमामा ऐकंनात. मामी म्हणल्या, माझी सुकलीया नेसूची, ही द्या. आन् मामांनी सांगितलंय, ताईच्या विहिणीला सांग, पिशवी ह्या खेपेला एसटीत न्हाई विसरलो."

मला आधी हसू आलं, मग रडू, आणि मग दोन्ही एकदम. मनीषा धावत आली, मी पिशवीच तिच्यापुढे केली.

खरं सांगते, पहिला विचार आला तो साडी परत पाठवायचा. पूर आलेल्या घरातून मान घ्यायचा? मग डोळ्यांपुढे दत्तूदादा आले. दिवसभर माणूस रांगेत उभा राहून नुसता घेतोय: भांडं घे, पांघरूण घे, फोटोसाठी इकडे बघ. त्यालाही काहीतरी द्यायचं होतं हो. मी परत पाठवली असती तर तो माझा सगळ्यात मोठा रुसवा झाला असता.

संध्याकाळी नेसले. मनीषानं पदर नीट केला, बाळूनं फोटो काढला आणि दत्तूदादांना पाठवला. स्टिकर मी काढून मेसच्या फळीवर लावलाय, तुमच्या फोटोखाली. कदम साहेबांना दाखवायचाय.

तर माझा शब्द ऐका. पुढे कधीही, कुठेही पाणी भरो, चारही जणांना मी मेसमध्ये बसवीन, आहेर ठरवून घेईन, आणि ट्रक निघताना हीच साडी नेसून उभी राहीन. धपाट्यात मीठ कमी घालीन. आणि वर भेट झाली की तुम्ही वरमाय व्हा, आतल्या खोलीत जाऊन खुशाल रुसून बसा. साडी घेऊन मी येईन. वाटेत कुठे विसरणार नाही.

तुमची, मान मिळालेली विहीण,
शालन